तुमचं कर्ज दुसऱ्याच कंपनीने विकत घेतलं तर: पहिल्या फोनपासून ‘नो ड्यूज’ हातात पडेपर्यंत

फोन येतो. पलीकडचा माणूस तुमचं पूर्ण नाव घेतो, जुन्या पत्त्यातली गल्लीही बरोबर सांगतो आणि विचारतो, ‘तुमच्या कार्डाचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार बाकी आहेत. आज किती भरताय?’ तो ज्या कंपनीचं नाव घेतो ती तुम्ही कधी ऐकलेलीही नसते. कार्ड तर बँकेचं होतं.

आमच्या शेजारच्या काकांना २०२५च्या जानेवारीत असाच फोन आला. नोकरी गेल्यामुळे मे २०२२ नंतर त्यांना कार्डाचे पैसे भरता आले नव्हते. फोनवरचा माणूस म्हणाला, ‘निदान पाचशे रुपये तरी टाका, म्हणजे फाइल कोर्टात जात नाही.’ त्याने पाठवलेल्या लिंकवर काकांनी पाचशे भरले. व्हॉट्सअॅपवर आलेल्या ‘विनंती अर्जा’ची प्रिंट काढून सही केली आणि फोटो परत पाठवला. त्यात एक ओळ होती: मी वरील संपूर्ण रक्कम देणे लागतो. चार दिवसांनी ते कागद घेऊन आमच्याकडे आले तेव्हा दोन्ही गोष्टी होऊन गेल्या होत्या. त्यांचं नेमकं काय नुकसान झालं ते पुढे येईलच. हा लेख लिहायला मी बसलो तो त्यामुळेच, कारण असा फोन येणारं घर घाबरलेलं असतं आणि घाबरलेला माणूस सही करून टाकतो.

बँकेने कर्ज विकणं बेकायदेशीर नाही, हे आधी मान्य करू. खातं एनपीए झालं, म्हणजे साधारण नव्वद दिवसांहून जास्त थकलं, की बँका आणि एनबीएफसी (कर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्त कंपन्या) अशी कर्जं गठ्ठ्याने विकू शकतात. विकत घेणाऱ्या बहुतेक मालमत्ता पुनर्रचना कंपन्या असतात. त्यांना सगळे एआरसी म्हणतात. २००२च्या सरफेसी कायद्याखाली (थकलेली कर्जं आणि त्यांचं तारण यांच्या वसुलीचा हा कायदा) रिझर्व्ह बँकेकडे त्यांची नोंदणी असावी लागते. कर्ज विकताना तुमची संमती लागत नाही. ‘मला न विचारता विकलं, मी देणार नाही’ हा मुद्दा कोर्टात टिकत नाही.

पण या व्यवहाराची दुसरी बाजू फोनवरचा माणूस कधीच सांगत नाही. विकत घेणाऱ्याला बँकेकडे जेवढं होतं तेवढंच मिळतं. बँकेने व्याज चुकीचं लावलं असेल, तुम्ही भरलेली रक्कम जमा दाखवली नसेल, दाव्याची मुदत उलटून गेली असेल, तर जे उत्तर तुम्ही बँकेला देऊ शकला असता तेच नव्या मालकालाही देऊ शकता. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३२ मध्ये हे तत्त्व आहे. खाली जे काही सांगतो आहे ते बहुतेक यातूनच निघतं.

फोन करणारा नक्की कोण?

फोन करणारे तीन प्रकारचे असू शकतात. पहिला वसुली एजंट: कर्ज अजून बँकेचंच आहे, हा फक्त कमिशनवर काम करतो. दुसरा खरा खरेदीदार, म्हणजे एआरसी किंवा दुसरी वित्तसंस्था, किंवा तिने नेमलेला एजंट. तिसरा भामटा, ज्याच्या हाती तुमची जुनी माहिती लागली आहे. तिघांची भाषा एकसारखीच असते, म्हणून आवाजावरून अंदाज बांधू नका.

तपासायचे मार्ग सोपे आहेत. नोंदणीकृत एआरसींची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते, तीत नाव शोधा. मग मूळ बँकेच्या शाखेत किंवा ग्राहक सेवेच्या ई-मेलवर एकच प्रश्न विचारा: माझं अमुक खातं कोणाला आणि कोणत्या तारखेला हस्तांतरित केलं? बँकेचं लेखी उत्तर हा तुमच्या फाइलमधला पहिला कागद. शिवाय स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात खातं कुणाच्या नावावर आहे, शेवटचा भरणा कधीचा आणि बाकी किती दाखवली आहे, हे सगळं दिसतं. बहुतेकांना फक्त स्कोअर बघायची सवय असते. इथे कामाचं आहे ते आतलं पान.

एक बारकावा. एआरसी बरीचशी कर्जं ट्रस्टच्या नावाने धरते. त्यामुळे पत्रावर ‘अमुक ट्रस्टचे विश्वस्त म्हणून’ असा मजकूर आणि बँक खात्याच्या नावात ट्रस्ट असा शब्द दिसू शकतो. तेवढ्यावरून ते खोटं ठरत नाही. मात्र पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले जात असतील तर तिथेच थांबा.

पहिल्या फोनवर काय बोलायचं

कमी बोलायचं. ‘हो, ते माझंच कर्ज आहे’, ‘पुढच्या महिन्यात देतो’, ‘थोडे आत्ता घ्या’ यातलं एकही वाक्य नको. आधार, पॅन, ओटीपी, नोकरीचा पत्ता, नातेवाइकांचे नंबर काहीही देऊ नका. शांतपणे एवढंच म्हणा: ‘तुमचं नाव, कंपनीचं नाव आणि पत्ता सांगा. जे काही म्हणणं आहे ते मला लेखी पाठवा. मी लेखी उत्तर देईन.’ मग फोन ठेवा. उद्धटपणा करू नका, रडू नका, घरची कहाणी सांगू नका. तुमची अडचण खरी असली तरी त्या माणसाला ती माफ करण्याचा अधिकार नसतो. तुम्ही मऊ पडता आहात एवढीच नोंद तो करून ठेवतो.

त्याच दिवशी एक वही सुरू करा. तारीख, वेळ, नंबर, नाव, काय बोलणं झालं. फोनमध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल तर चालू ठेवा. मेसेज खोडू नका, घाणेरडे असले तरी.

लेखी मागणी

अमेरिकेत १९७७ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तिथे ग्राहकाने ठराविक मुदतीत लेखी हरकत घेतली की कर्ज पडताळून दाखवेपर्यंत वसुली थांबवावी लागते. आपल्याकडे असा एकच कायदा नाही. आपले हक्क सरफेसी कायदा, रिझर्व्ह बँकेचे नियम, मुदत कायदा आणि ग्राहक संरक्षण कायदा अशा अनेक ठिकाणी विखुरलेले आहेत. म्हणून तुमचं पत्र महत्त्वाचं. पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) असो वा कोर्ट, ‘मी अमुक तारखेला कागद मागितले, त्यांनी दिले नाहीत’ हे दाखवता आलं पाहिजे.

पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलही करा. एआरसींसाठी रिझर्व्ह बँकेची उचित व्यवहार संहिता आहे. तिच्यानुसार कर्जदाराला पाठवलेल्या पत्रव्यवहारात या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क क्रमांक असायला हवा. मजकूर असा चालेल:

‘महोदय, अमुक तारखेला आपल्या वतीने मला फोन/पत्र आले. त्यात नमूद केलेली रक्कम मला मान्य नाही. हे पत्र म्हणजे कोणत्याही देण्याची कबुली नाही. कृपया पुढील कागद पाठवावेत: (१) हे खाते आपल्याकडे हस्तांतरित झाल्याचा पुरावा व त्याची तारीख, (२) माझ्या सहीचा मूळ करार किंवा अर्ज, (३) खाते उघडल्यापासूनचा संपूर्ण उतारा, (४) मुद्दल, व्याज, दंड व इतर आकार यांची वेगवेगळी फोड, (५) आपल्या नोंदीप्रमाणे शेवटच्या भरण्याची तारीख, (६) आपण नेमलेल्या वसुली एजन्सीचे नाव व अधिकारपत्र. कागद मिळेपर्यंत सर्व संपर्क लेखी करावा.’

दुसरं आणि तिसरं वाक्य गाळू नका.

गठ्ठ्याने विकलेल्या जुन्या खात्यांचे मूळ कागद बऱ्याचदा नव्या मालकाकडे पूर्ण आलेले नसतात, आलेली असते ती एक मोठी यादी. म्हणून उत्तराऐवजी पुन्हा फोनच येऊ लागले, तर समोरची फाइल कच्ची असण्याची शक्यता धरून चाला. कागद आले तर उत्तमच, खरा आकडा तरी समोर येईल.

आकडा पारखून घ्या

उतारा हातात आला की एक दुपार त्याला द्या. तुमच्या बँक पासबुकातून त्या कर्जाला गेलेला प्रत्येक भरणा शोधा आणि समोर टिक करा. काकांचे २०२२ मधले दोन भरणे कंपनीच्या यादीत नव्हतेच. ती रक्कम आणि तिच्यावर चढलेलं व्याज मिळून फरक बराच मोठा झाला होता. आणखी काय पाहायचं? कर्ज विकल्यानंतर लावलेल्या व्याजाचा दर करारातला आहे का, ‘वसुली खर्च’ म्हणून आलेल्या रकमेला करारात आधार आहे का, विमा हप्ते नंतर जोडले आहेत का. बँका आणि एनबीएफसींना एप्रिल २०२४ पासून दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर व्याज लावता येत नाही. क्रेडिट कार्डांना मात्र हा नियम लागू नाही, त्यांचे वेगळे नियम आहेत.

विक्री झाल्यानंतर बँकेलाच पैसे भरले असतील तर? हस्तांतराची सूचना मिळण्याआधी तुम्ही बँकेत भरलेले पैसे तुमच्या खात्यात धरलेच पाहिजेत. ते एआरसीकडे पोहोचवणं हे बँकेचं काम. सूचना मिळाल्यानंतर मात्र नव्या मालकालाच भरा.

मुदत: ज्यात काका अडकले

इथे सावकाश वाचा. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण ३ वर्षांत लावावा लागतो. घर-जमीन गहाण असेल तर १२ वर्षं. मोजणी कुठून सुरू होते हे कर्जाच्या प्रकारावर ठरतं: कधी चुकलेल्या हप्त्यापासून, कधी संपूर्ण रक्कम मागणाऱ्या नोटिशीनंतर. त्यातच कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे. म्हणून २०१८-१९ च्या थकबाकीची मुदत बोटांवर मोजून संपली असं समजू नका.

मुदत चालू असताना तुम्ही सही करून देणं मान्य केलंत, तर त्या तारखेपासून नवी ३ वर्षं सुरू होतात (कलम १८). मुदतीच्या आत थोडी रक्कम भरली आणि त्या भरण्याची तुमच्या हातची किंवा सहीची नोंद असली तरी तेच (कलम १९). काकांच्या दाव्याची मुदत काही महिन्यांत संपत आली होती. त्या पाचशे रुपयांनी आणि त्या सहीने ती पुन्हा तीन वर्षं पुढे गेली. इतकंच नाही, ज्या आकड्यावर वाद घालता आला असता तो आकडाही त्यांनी स्वतःच्या सहीने कबूल केला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि त्यात काकांचा दोष मी धरत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मुदत संपून गेल्यावर केलेली साधी कबुली तिला जिवंत करत नाही. पण करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सहीचं वचन दिलंत तर त्या वचनावर दावा लागू शकतो. म्हणून जुन्या कर्जाबाबत ‘हप्ते पाडून द्या’ असा अर्ज लिहिण्याआधी वकिलाला दाखवा. ई-मेलवरही जपून लिहा.

मुदत संपली म्हणजे देणं पुसलं गेलं असं नाही. कोर्टाचा दरवाजा बंद होतो, क्रेडिट रिपोर्टमधली नोंद आपोआप जात नाही. ऐपत असेल आणि देणं खरं असेल तर योग्य आकड्यावर ते मिटवावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. मात्र ते तुमच्या निर्णयाने व्हावं, धाकाने नव्हे.

पतसंस्था आणि सहकारी बँकांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली त्यांना सहकार खात्याच्या निबंधकाकडून थेट वसुली दाखला मिळू शकतो. तिथून नोटीस आली तर सुनावणीच्या तारखेला हजर राहायलाच हवं.

त्रास दिला तर

ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँका, एनबीएफसी आणि एआरसी या सगळ्यांना बजावलं: वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन नाही, शिवीगाळ किंवा मारहाणीची भाषा नाही, चारचौघांत अपमान नाही, कुटुंबीय, मित्र, ओळखीचे म्हणून नाव दिलेले लोक यांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ नाही, निनावी किंवा धमकीचे फोन नाहीत, मोबाइलवर किंवा समाजमाध्यमांवर अश्लाघ्य संदेश नाहीत. मायक्रोफायनान्सच्या कर्जांना वेळ आणखी कमी, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. एजंटने जे केलं त्याची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या संस्थेची. ‘तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे’ हे उत्तर चालत नाही.

दारात कुणी आलं तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, फोटो काढून घ्या. त्याला घरात घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही. गाडी, टीव्ही, दागिना यातलं काही उचलून नेण्याचा अधिकार त्याला नाही. गुंड पाठवून वसुली करू नका, कायद्याच्या मार्गाने जा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बँकेला सुनावलेलं आहे.

धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागतं, धाक दाखवून पैसे उकळले तर ३०८. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो’ म्हणाले तरी घेऊ द्या, तीही नोंदच असते. व्हॉट्सअॅपवर ‘अटक वॉरंट’ आलं तर घाबरू नका. कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. पोलीस त्यासाठी उचलून नेत नाहीत, आणि वॉरंट वसुली एजंट पाठवत नसतो. फसवून पैसे घेतले असतील तर तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

तक्रारीचा क्रम असा: आधी त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रारींच्या पोर्टलवर. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँक किंवा लोकपाल योजनेत येणारी एनबीएफसी असेल तर तक्रार लोकपालाकडे जाते. या योजनेच्या कक्षेबाहेरच्या संस्थेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे पाठवली जाते. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त लिहा. ‘अमुक तारखेला रात्री ९.२० ला, अमुक नंबरवरून, माझ्या सासऱ्यांना फोन’ असं लिहिलं की त्याची दखल घ्यावी लागते.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत करावी लागते. कर्ज माफ करून घेण्याची ही जागा नव्हे. पैसे भरूनही दाखला न देणं, चुकीची सिबिल नोंद, वसुलीतला छळ, अशा सेवेतल्या त्रुटींसाठी इथे जायचं. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कागद कोर्टाचा असेल तर

वकिलाची नोटीस, लवादाची (कोर्टाबाहेर वाद निकाली काढणाऱ्या पंचाची) नोटीस आणि कोर्टाचं समन्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कुठलाही कागद उघडल्याशिवाय ठेवू नका. लोकअदालतीची नोटीस म्हणजे तडजोडीचं आमंत्रण. तिथे काही मान्य करण्याची सक्ती नसते, पण मान्य करून सही केली की तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून आकडा पटला नसेल तर सही नको.

लवादाच्या नोटिशीकडे फार लोक दुर्लक्ष करतात आणि मग एकतर्फी निवाडा घेऊन कंपनी वसुलीला येते. हजर व्हा, हरकत लेखी नोंदवा. कंपनीने एकटीनेच आपल्या मर्जीचा लवाद नेमला असेल तर त्या नेमणुकीलाही हरकत घ्या. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल अशा नेमणुकीच्या विरोधात आहे. निवाडा झालाच तर तो हातात पडल्यापासून ३ महिन्यांत आव्हान द्यावं लागतं.

दिवाणी कोर्टाचं समन्स आलं तर साधारणपणे ३० दिवसांत कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, द्यावी लागते. ‘समरी’, म्हणजे झटपट निकालाच्या, दाव्यात तर १० दिवसांतच हजेरी नोंदवायची असते. न गेल्यास हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, होतो आणि मग १२ वर्षांपर्यंत दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते. मुदत संपली, कागद नाहीत, आकडा चुकीचा, हे सगळे मुद्दे त्या कैफियतीतच यायला हवेत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठराविक उत्पन्नाखालच्यांना मोफत वकील मिळतो.

हुकूमनामा झाला तरी पगार पूर्ण जात नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात, भविष्य निर्वाह निधीही.

थकबाकी हा दिवाणी मामला असला तरी त्याला एक अपवाद आहे, आणि तो गंभीर आहे. चेक वटला नाही किंवा ऑटो-डेबिट परतलं तर फौजदारी तक्रार होऊ शकते. त्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला फक्त १५ दिवस असतात. तो कागद मिळाला की त्याच दिवशी वकील गाठा.

घर तारण असेल तर

मग घाई तुम्हाला आहे, त्यांना नाही. सरफेसीच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. त्या ६० दिवसांत लेखी हरकत द्या. तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे जावं लागतं. तिथे दिवाणी कोर्टाचा उपयोग नाही. शेतजमिनीवर, किंवा मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरली असेल तर, सरफेसीची कारवाई करता येत नाही. लिलावाची जाहीर सूचना निघण्याआधी पूर्ण रक्कम भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क तुमच्याकडे असतो. त्यानंतर तो जातो, आणि तिथे हळहळणारी घरं मी पाहिली आहेत.

जामीनदारालाही कर्जदाराइतकंच पकडता येतं, म्हणून नोटीस आल्याचं त्याच्यापासून लपवू नका. कर्जदार वारला असेल तर वारसांवर देणं येतं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. मुलाने स्वतःच्या पगारातून बापाचं कार्ड फेडावं अशी सक्ती नाही.

सेटलमेंट

एआरसीने कर्ज बहुतेक वेळा थकबाकीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत घेतलेलं असतं, विनातारण आणि जुनं असेल तर फारच कमी. म्हणून तडजोडीला जागा असते. पण आधी स्वतःचा आकडा ठरवा: घर चालवून, कुणाकडून नवं कर्ज न काढता, एकरकमी किती देता येईल? त्याहून कमीपासून सुरुवात करा. ‘ऑफर आज रात्रीपर्यंतच’ या वाक्याला भुलू नका.

ठरलं की पैसे देण्याआधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात खाते क्रमांक, तडजोडीची रक्कम, तारखा, ही रक्कम ‘पूर्ण व अंतिम’ असून उरलेली माफ असल्याचा उल्लेख, चालू केस मागे घेण्याचं आश्वासन, जामीनदार मोकळा झाल्याची ओळ, कोरे चेक आणि कागद परत करण्याची हमी, क्रेडिट कंपन्यांना काय कळवणार ते, आणि सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा हवा. ते पत्र मूळ कंपनीच्या अधिकृत ई-मेलवरून पडताळून घ्या. हप्त्यांची तडजोड असेल तर एक हप्ता चुकल्यास काय होतं ते वाचा. बऱ्याच पत्रांत सगळी माफी रद्द होऊन पूर्ण थकबाकी पुन्हा उभी राहते. ज्यांची आवक अनियमित आहे त्यांनी हप्त्यांत शिरूच नये, थांबून एकरकमी जमवावी.

पैसे फक्त पत्रातल्या खात्यात, एनईएफटीने. रोख नाही, एजंटच्या हातात नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. तडजोडीनंतर रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असं लागतं, ‘क्लोज्ड’ नव्हे, आणि पुढचं कर्ज देणारा त्याकडे नाराजीने बघतो. लवकरच गृहकर्ज काढायचं असेल तर पूर्ण रक्कम भरणं परवडतं का, हे गणित मांडून बघा.

भरून झाल्यावर

नो ड्यूज दाखला, म्हणजे काहीही बाकी नसल्याचं पत्र, लगेच मागा. घराचे कागद तारण असतील तर कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. उशीर संस्थेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. दोन महिन्यांनी चारही क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. नोंद चुकीची असेल तर ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत.

तडजोडीचं पत्र, भरण्याची पावती, नो ड्यूज आणि रिपोर्टची प्रत एका पाकिटात घालून ठेवा, फोटो ई-मेलवरही. जुन्या याद्या एजन्सी बदलली तरी फिरत राहतात. काकांचं खातं २०२५च्या उन्हाळ्यात मिटलं, चुकलेले दोन भरणे वळते करून. दिवाळीनंतर त्यांना तिसऱ्याच कंपनीतून पुन्हा फोन आला. काकांनी पाकीट काढलं, नो ड्यूजचा क्रमांक आणि तारीख वाचून दाखवली आणि ‘तुमचं म्हणणं लेखी पाठवा’ असं सांगून फोन ठेवला. अजून काही आलेलं नाही.